वळिवड्याची पोलिश मुलं : पालक कोण, या प्रश्नाचं एक प्रकरण

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या पोलिश सरकारला मान्यता दिली आणि लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युरोपातलं युद्ध संपून दोन महिने झाले होते. कोल्हापूरपासून जवळच, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गालगत वळिवड्याला तेव्हा सुमारे ५ हजार पोलिश माणसं राहत होती. त्यात बहुतेक बायका आणि मुलंच होती. जामनगरजवळ बालाचडीला आणखी काही शे मुलं होती, त्यातली बरीचशी आईवडिलांविना. या मुलांची शाळा, जेवण, दवाखाना ज्या सरकारच्या नावावर चालत होता, ते सरकार कागदावरून गेलं. बराक तीच राहिली, बाई त्याच राहिल्या, सकाळची घंटाही त्याच वेळी झाली. पण या मुलाचा कायद्याने पालक कोण, याचं कालपर्यंतचं उत्तर आज चालेना.

युद्धात सापडलेल्या मुलांबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की सीरिया, गाझा, युक्रेन, सुदान अशी नावं येतात. ती यायलाच हवीत. पण बालसंरक्षणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी वळिवड्याचं प्रकरण नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. एक तर ते आपल्या दारातलं आहे. दुसरं म्हणजे त्याची सुरुवात, मधली वर्षं आणि शेवट तिन्ही आपल्याला दिसतात. चालू युद्धातल्या मुलांच्या बाबतीत शेवट दिसत नाही, त्यामुळे आज घेतलेला निर्णय पाच वर्षांनी मुलाला कुठे नेऊन ठेवेल हे कळायला मार्ग नसतो. इथे तो मार्ग आहे.

मुलं इथवर कशी आली

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. पूर्वेकडचा भाग सोव्हिएत ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात तिथल्या कुटुंबांना चार मोठ्या खेपांत उचलून उत्तर रशिया, सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं गेलं. सोव्हिएत दप्तरांवरून हा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघतो. पोलिश बाजूचे जुने अंदाज त्याहून कितीतरी मोठे होते. रात्री दार ठोठावायचं, हाताला लागेल ते बांधायला थोडा वेळ द्यायचा आणि मालगाडीच्या डब्यात भरायचं, अशी पद्धत होती. पुढे जंगलतोडीची वसाहत किंवा सामूहिक शेत. काम करील त्याला भाकरी, असा तिथला हिशेब होता. लहान मूल काम करत नाही, म्हणून त्याची भाकरी आईच्या वाट्यातून जायची.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि चित्र पालटलं. ३० जुलै १९४१ ला लंडनमधलं पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात सिकोर्स्की-माइस्की करार झाला, पोलिश कैद्यांना आणि हद्दपार कुटुंबांना ‘माफी’ मिळाली, आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवरच पोलिश फौज उभी राहू लागली. बातमी पसरली तशी माणसं दक्षिणेकडे, उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानकडे, फौजेच्या आसऱ्याला निघाली. त्या प्रवासात आणि तिथे पोचल्यावर टायफस, हगवण, मलेरिया आणि भूक यांनी जेवढी माणसं नेली, तेवढी त्याआधीच्या हिवाळ्यांनीही नेली नसतील. मुलांसाठी पोलिश अनाथालयं उघडली गेली ती याच काळात.

इथे प्रकरणातली पहिली गाठ आहे. या अनाथालयांतली सगळी मुलं अनाथ नव्हती. कित्येक आयांनी आपलं मूल स्वतःच्या हाताने तिथे नेऊन सोडलं, कारण आत दोन घास मिळत होते आणि देशाबाहेर जाणाऱ्या पहिल्या गटांत अनाथ मुलांचा नंबर वर होता. मुलाला ‘अनाथ’ म्हणून नोंदवणं हा त्या आईचा आपलं मूल जगवण्याचा शेवटचा उपाय होता. कागदावर एक शब्द पडला आणि त्याची किंमत पुढे पाच-सहा वर्षांनी, आई जिवंत आहे की नाही हे शोधताना, त्या मुलाने मोजली. आजही मदत छावणीत ‘आईवडील नाहीत’ असं मूल सांगतं किंवा बरोबरचा मोठा माणूस सांगतो, तेव्हा नोंद करणाऱ्याने ‘नाहीत’ म्हणजे वारले, हरवले, मागे राहिले की त्यांनीच पुढे पाठवलं, हे वेगवेगळं लिहायला हवं. घाईत हा फरक पुसला जातो, आणि एकदा पुसला की परत मिळवणं फार कठीण.

मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ मध्ये दोन टप्प्यांत सुमारे १ लाख १५ हजार पोलिश माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. त्यातली साधारण एक तृतीयांश साधी नागरिक होती आणि त्यांत हजारो मुलं. किनाऱ्यावरच कपडे जाळले, डोकी भादरली, उवा मारायच्या औषधाने अंग धुतलं. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या पोटात एकदम भरपूर आणि तुपकट अन्न गेल्याने तिथेही माणसं दगावली. उपाशी मुलाला हळूहळू अन्नावर आणायचं असतं हे वैद्यक आज ठामपणे सांगतं. तेव्हा ते शहाणपण किनाऱ्यावर उशिरा पोचलं.

इराणातून वाटा फुटल्या. पूर्व आफ्रिकेत टांगानिका-युगांडातल्या छावण्या, मेक्सिको, नंतर न्यूझीलंड. पोलिश ज्यू मुलांचा आठशेहून मोठा गट ज्यू संस्थांनी आपल्या ताब्यात घेतला. त्यातली बहुतेक मुलं कराचीमार्गे जहाजाने फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाइनला पोचली. आणि एक वाट भारताकडे.

बांद्रा आणि बालाचडी

भारतात आलेला पहिला गट समुद्राने आला नाही. तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबादमध्ये जमवलेली दीडशेहून जास्त मुलं ट्रकमधून मशहद, झाहेदान मार्गे क्वेट्ट्याकडे आणि तिथून पुढे मुंबईला आली. हा एप्रिल १९४२. पोलंडची प्रसिद्ध गायिका हांका ओर्डोनुव्ना, जी स्वतः सोव्हिएत श्रमछावणीतून सुटून आली होती, ती या मुलांबरोबर होती. मुलांना बांद्र्यात ठेवलं. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी, पोलिश रेड क्रॉसचं काम पाहणाऱ्या किरा बानासिन्स्का, यांनी धावपळ करून कपडे, डॉक्टर, पैसे उभे केले. (किराबाई युद्धानंतर परत गेल्या नाहीत, हैदराबादला राहिल्या आणि उरलेलं आयुष्य भारतातच समाजकार्यात घालवलं. मुंबईतल्या त्या महिन्यांचं श्रेय त्यांना पुरेसं मिळत नाही असं मला वाटतं.)

जुलै १९४२ मध्ये ही मुलं नवानगर (म्हणजे जामनगर) संस्थानातल्या बालाचडीला, कच्छच्या आखाताच्या काठी, जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बांधून दिलेल्या छावणीत गेली. जामसाहेब तेव्हा नरेंद्र मंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या मंडळाचे, प्रमुख होते आणि ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाच्या बैठकांना भारतातर्फे जात होते. त्यांनी जागा दिली, मुलांना ‘बापू’ म्हणायला सांगितलं आणि इतर संस्थानिकांना निधीसाठी हात पुढे करायला लावले. खाजगी देणगीदारांनीही पैसे दिले.

बालाचडीच्या मुलांनी म्हातारपणी सांगितलेली एक आठवण मला सगळ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटते. छावणीत पालकाची भाजी शिजवायचे आणि मुलांना ती अजिबात आवडायची नाही. मुलांनी सरळ न खाण्याचा संप केला. जामसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी ती भाजी शिजवणं बंद करायला सांगितलं. गोष्ट एवढीच. पण दोन वर्षं ज्या मुलांना कुणी काही विचारलं नव्हतं, ज्यांच्या रडण्याने कुठलीही गाडी थांबली नव्हती, त्यांनी ‘नको’ म्हटलं आणि ऐकलं गेलं. मूल सावरायला लागतं ते असल्या जागी. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं कलम आलं. बालाचडीच्या स्वयंपाकघरात त्याचा एक धडा आधीच घडून गेला होता.

वळिवडे

इराणमधून कराचीला जहाजाने आलेल्या आणि तिथल्या तात्पुरत्या छावण्यांत थांबलेल्या कुटुंबांसाठी १९४३ च्या मध्यापासून वळिवड्याची मोठी वसाहत उघडली. पंचगंगेचं पाणी जवळ, रेल्वे दाराशी, हवा सौम्य. कोल्हापूर संस्थानात राजाराम महाराजांच्या निधनानंतर अल्पवयीन वारसाच्या नावाने कारभार चालू होता; जागा संस्थानातली, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची आणि आतला कारभार पोलिश माणसांचा, अशी तिहेरी रचना होती.

लांबच लांब बराकी, बांबूच्या चटयांच्या भिंती, वर कौलं. एका बराकीत अनेक कुटुंबं, पण प्रत्येकाला स्वतःच्या खोल्या, स्वतःचं छोटं स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. छावणीचा सगळ्यात शहाणा निर्णय मला हाच वाटतो : सामायिक भटारखाना नाही. कुटुंबाला रोख भत्ता मिळायचा आणि आई बाजारातून भाजी-अंडी-पीठ आणून स्वतःच्या चुलीवर रांधायची. गावातले विक्रेते दारात यायचे, पोलिश आकडे शिकायचे, बायका मराठी भाव शिकायच्या. रांगेत थाळी धरून उभं राहण्याची सवय लागलेल्या मुलाने आईला पुन्हा स्वयंपाक करताना पाहिलं. युद्धाने मुलाचं घर तर जातंच, शिवाय ‘आई आपल्यासाठी काही करू शकते’ हा विश्वासही जातो. जंगलवसाहतीत त्याने आईला हतबल पाहिलेलं असतं. मदत देणाऱ्या यंत्रणेने मुलाला थेट ताट वाढलं तर पोट भरतं, पण आईचं हतबलपण तसंच राहतं. भत्ता आईच्या हातात गेला की ती पुन्हा घरची कर्ती होते. आज निर्वासितांना धान्याऐवजी रोख मदत द्यावी की नाही यावर कितीतरी चर्चा होते, तेव्हा पैसा कुठे खर्च होईल याचाच हिशेब जास्त होतो. या दुसऱ्या बाजूचं बोलणं कमी ऐकू येतं.

शाळा हा छावणीचा कणा होता. बालवाड्या, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, हस्तव्यवसायाची शाळा असं सगळं पोलिश भाषेत आणि पोलिश अभ्यासक्रमाने चालायचं. इंग्रजी हा एक विषय. पुस्तकांची टंचाई मोठी होती. पोलिश अधिकारी जेरुसलेममध्ये निर्वासितांच्या शाळांसाठी पाठ्यपुस्तकं छापत होते, त्यातली इथे यायची. शिक्षकांमधल्या अनेकांनी तोच प्रवास केला होता जो मुलांनी केला होता. चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, आणि स्काउट चळवळ तर इतकी जोमात की छावणीतल्या मुलांचा सगळा मोकळा वेळ तीच भरून काढायची. कातिनच्या हत्याकांडातून (सोव्हिएत यंत्रणेने हजारो पोलिश कैदी अधिकारी मारले ते) वाचलेला तरुण लष्करी अधिकारी झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की इथे स्काउटांना शिकवायला आला होता. तो पुढे धर्मगुरू झाला.

स्काउटचा गणवेश आणि शपथ याकडे आपण आज थोडं दुरून पाहतो. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडे पाहिलं म्हणजे त्याचं मोल कळतं. या वयाची मुलं छावणीत सगळ्यात अवघड. वडील नाहीत, ते अँडर्सच्या फौजेबरोबर इराक, पॅलेस्टाइन आणि मग इटलीत. घरात हाच मोठा पुरुष. सोव्हिएत वर्षांत त्याने चोरून भाकरी आणलेली असते, लहान भावाला पाठीवर वाहिलेलं असतं. आता अचानक त्याला सातवीच्या बाकावर बसून व्याकरण शिकायचंय. त्याला लहान मूल म्हणून वागवलं तर तो बिथरतो, मोठा म्हणून वागवलं तर त्याचं राहिलेलं बालपण बुडतं. पथकाने त्याला दोन्हीच्या मधली जागा दिली : जबाबदारी दहा लहान मुलांची, पण वर एक दादा, आणि रात्री घरी आई. संघर्षग्रस्त भागांत किशोरवयीन मुलांना सशस्त्र गट पहिल्यांदा हेरतात ते नेमकं याच पोकळीत. तिथे बंदूक देणारा आधी पोचतो की गणवेश-गाणी-कामं देणारा, यावर पुष्कळ काही ठरतं.

मे १९४४ मध्ये इटलीतला माँते कासिनोचा मठ अँडर्सच्या फौजेने, म्हणजे पोलिश दुसऱ्या कोअरने, जिंकला. वळिवड्यातल्या अनेक मुलांचे वडील, काका, मोठे भाऊ याच फौजेत होते. म्हणजे छावणीत सुरक्षित असलेलं मूलही युद्धाच्या बाहेर नव्हतं. वाईट बातमी टपालाने येऊ शकत होती, आणि ती आली की शेजारच्या पडवीतल्या बायकाच आधाराला होत्या. क्षयाच्या आणि अशक्त मुलांसाठी पाचगणीला सोय केली होती, त्या हवेने कितीतरी पोरं सावरली. सगळी वाचली नाहीत. कोल्हापुरात पोलिश कबरी आहेत आणि त्यात लहान मुलांच्याही आहेत.

या सगळ्यात उणीव कुठे होती? मला दोन दिसतात. एक, वसाहत जवळजवळ स्वयंपूर्ण असल्याने मुलांचा आसपासच्या गावांशी संबंध बाजार, नदी आणि सणांपुरता राहिला; पाच वर्षं कोल्हापूरजवळ काढूनही त्यातली बरीच मुलं मराठीत थोडंच बोलू शकत होती. परत पोलंडलाच जायचंय, या गृहीतकावर सगळी रचना उभी होती. दुसरी उणीव त्यातूनच आलेली : ते गृहीतक कोसळलं तर काय, याची तयारी कुणाकडेच नव्हती.

पैसा कुणाचा, आणि कुणासाठी

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. वळिवड्याचा खर्च मुख्यतः निर्वासित पोलिश सरकार ब्रिटनकडून मिळालेल्या पतपुरवठ्यातून करत होतं. ज्या १९४३ मध्ये ही छावणी उघडली, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि २० ते ३० लाख माणसं मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर आईच्या प्रेताशेजारी बसलेली मुलं होती. तीही युद्धाचीच मुलं : बर्मा जपान्यांच्या हाती गेल्याने तिथला तांदूळ थांबला, सरकारने किनारपट्टीवरच्या होड्या आणि धान्यसाठे काढून घेतले, महागाई आणि साठेबाजी वाढली. त्यांच्यामागे वाणिज्यदूत नव्हता, लंडनमध्ये त्यांचं वेगळं सरकार नव्हतं, आणि जे सरकार होतं त्याने त्यांना वेळेवर धान्य दिलं नाही.

पोलिश मुलांना मिळालं ते जास्त होतं असं मी म्हणत नाही. सायबेरियातून आलेल्या मुलाला शाळा, दूध, दवाखाना आणि स्वयंपाकघर मिळालं, ते त्याचं होतंच. पण त्याच देशात, त्याच वर्षी, संरक्षणाचं प्रमाण मुलाच्या गरजेवर ठरलं नाही. त्याच्यामागे कुठली सत्ता उभी आहे यावर ठरलं. जामसाहेबांचं औदार्य सांगताना बंगालचा उल्लेख टाळणारे लेख मी खूप वाचले आहेत. त्यातून औदार्य मोठं होत नाही, प्रकरण तेवढं अर्धवट राहतं.

१९४५ नंतर : सही कुणाची

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. जुलै १९४५ मध्ये मान्यता बदलली तेव्हा वॉर्सातल्या नव्या सरकारची भूमिका सरळ होती : ही पोलंडची मुलं आहेत, ती परत द्या. वरवर यात चूक काही नाही. युद्धाने विस्थापित झालेल्या मुलाने मायदेशी जावं हेच बालसंरक्षणातलंही पहिलं उत्तर असतं. अडचण अशी की यातल्या बहुतेक मुलांचं गाव आता पोलंडमध्ये नव्हतंच. याल्टाच्या परिषदेत मित्रराष्ट्रांनी घेतलेल्या निर्णयाने पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला होता. ज्या सत्तेने त्यांना मालगाडीत भरलं होतं, तिच्याच छायेतल्या सरकारकडे परत जायचं होतं. आणि कित्येकांचे वडील इटलीत पोलिश गणवेशात होते, ते परत जायला तयार नव्हते.

वळिवड्यात आईबरोबर असलेल्या मुलांचा निर्णय निदान आई घेऊ शकत होती. बालाचडीच्या एकट्या मुलांचं काय? तिथे जामसाहेब, ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क आणि छावणीप्रमुख फादर फ्रांचिशेक प्लुता यांनी मिळून मुलांचं कायदेशीर पालकत्व दत्तकाच्या मार्गाने स्वतःकडे घेतलं, जेणेकरून कुठल्याही सरकारला त्यांना ‘बेवारस पोलिश नागरिक’ म्हणून उचलता येऊ नये. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि मुलं वळिवड्याला आली. त्यातल्या एका गटाला फादर प्लुता पुढे अमेरिकेला घेऊन गेले आणि वॉर्सातून त्यांच्यावर मुलं पळवल्याचा आरोप झाला. हा वाद भारतापुरता नव्हता. टांगानिकातल्या तेंगेरू छावणीतली अनाथ मुलं १९४९ मध्ये कॅनडाला नेली तेव्हा हाच आरोप झाला. न्यूझीलंडने पाहियातुआला १९४४ मध्ये घेतलेल्या ७३३ मुलांच्या बाबतीत मात्र सरकारनेच ठरवलं की बळजबरीने कुणाला परत पाठवायचं नाही; ज्यांचे नातेवाईक सापडले आणि ज्यांनी जायचं म्हटलं ती गेली, बाकीची तिथलीच झाली.

या दत्तकाकडे आज कसं पाहायचं? आजची पद्धत सांगते की युद्धाच्या किंवा आपत्तीच्या गदारोळात मुलांना दत्तक देऊ नये. आधी कुटुंब शोधा, पुरेसा काळ शोधा, मगच. या नियमामागे कारण आहे. प्रत्येक मोठ्या युद्धात ‘अनाथ’ मुलं भलत्यांच्या हाती गेली आहेत आणि त्यांची नावं, भाषा, धर्म सगळं बदललं गेलं आहे. बालाचडीच्या दत्तकात तसं काही झालं नाही. मुलांची नावं तीच राहिली, भाषा तीच, भावंडं एकत्र, कुणाला कुणाच्या घरी नेलं नाही. हे पालकत्व एक ढाल होती, नवं कुटुंब देणं हा त्याचा हेतू नव्हता. म्हणून मी ते योग्य मानतो, आणि तरीही त्याला पायंडा म्हणून पुढे करणाऱ्यांशी सहमत होत नाही. तीन सज्जन माणसांच्या सहीवर काही शे मुलांचं आयुष्य ठरलं. तीन सज्जन माणसं प्रत्येक छावणीत मिळत नाहीत. शिवाय, जिची आई मध्य आशियात मागे राहिली होती त्या मुलीच्या बाजूने पाहिलं, तर ही ढाल तिला आईपासूनही थोडी दूर ठेवत होती. रेड क्रॉसच्या शोधातून ज्यांचे आईवडील सापडले, त्यातली काही मुलं पोलंडला परत गेली. त्यांच्यासाठी ते परत जाणंच बरोबर होतं. एकाच छावणीतल्या दोन मुलांसाठी दोन उलटी उत्तरं बरोबर असू शकतात, आणि म्हणून सगळ्यांसाठी एकच ठराव करणारी कुठलीही यंत्रणा, परत पाठवणारी असो की थांबवणारी, मला धोक्याची वाटते.

१९४६ पासून वळिवड्याची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाकडे आणि १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यामुळे फौजेतल्या माणसांच्या बायकामुलांना ब्रिटनला जाता आलं, आणि सर्वांत मोठा गट तिकडेच गेला. बाकीचे पूर्व आफ्रिका, लेबनॉन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. त्या मुलांनी पुढे लंडनमध्ये ‘भारतातल्या पोलिशांचं’ मंडळ काढलं, आठवणी लिहिल्या, कोल्हापूरला येत राहिले. २०१९ मध्ये ऐंशीच्या पुढची माणसं वळिवड्याच्या स्मारकासाठी परत आली होती. पन्नास-साठ वर्षं एकमेकांना धरून राहिलेला हा गट पाहिला की भावंडं, वर्ग आणि पथक मोडू न देण्याचा निर्णय किती दूरवर पुरला ते कळतं.

त्याच बराकी, दुसरी मुलं

पोलिश कुटुंबं जात होती तेव्हा फाळणी झाली होती. सिंधमधून आलेल्या कुटुंबांना याच बराकी मिळाल्या आणि तिथे गांधीनगर उभं राहिलं, आजची कापडाची मोठी बाजारपेठ. त्या सिंधी मुलांनीही घर, गाव, नदी सगळं गमावलं होतं. पण त्यांच्यामागे कुठलीही आंतरराष्ट्रीय संस्था नव्हती. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेची कक्षा युरोपातल्या युद्धाने विस्थापित झालेल्यांची. फाळणीतले लाखो लोक तिच्या व्याख्येत बसतच नव्हते. १९५१ चा निर्वासित करारही सुरुवातीला युरोपातल्या घटनांभोवतीच लिहिलेला होता. भारताने त्यावर आजतागायत सही केलेली नाही, आणि त्यामागच्या अविश्वासाची पाळंमुळं या काळात आहेत असं मला वाटतं.

बालहक्क कराराला मात्र भारत १९९२ मध्ये बांधील झाला, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाच्या व्याख्येत सशस्त्र संघर्षाने बाधित मूल स्पष्टपणे येतं. त्या कायद्यात बालक म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. नागरिकत्वाची अट नाही. म्हणजे उद्या म्यानमारमधून, अफगाणिस्तानातून किंवा आपल्याच मणिपुरातून आलेलं एकटं मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर उभं राहिलं, तर त्याच्या बाबतीत आदेश देण्याचा अधिकार त्या समितीला आहे. कुठल्या जामसाहेबाची वाट पाहावी लागत नाही. त्या आदेशात निवारागृहाचं नाव लिहून काम संपत नाही. आईवडिलांबद्दल मूल स्वतः काय सांगतं ते त्याच्या शब्दांत, भावंडं कुठे आहेत ते, शोध कुणी घ्यायचा आणि कधीपर्यंत, आणि आज नेमलेला पालक उद्या राहिला नाही तर पुढे कोण, हे चारही मुद्दे पहिल्याच दिवशीच्या आदेशात असावेत असा आग्रह समितीपुढे जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने धरायला हवा. १९४५ च्या जुलैत वळिवड्यातल्या मुलांच्या कागदात शेवटचा मुद्दा नव्हता.